फाटकाकडे पाठ

— तिकडे नको बाबा, इकडे बसा, भिंतीकडे तोंड करून. तिकडून ऊन थेट डोळ्यांत येतं, माणूस चहा पितो की डोळे मिचकावतो ते कळत नाही. हां, असं. आणि मी ही अशी तुमच्या डाव्या हाताला बसते. फाटक कुठे पळून जातंय? लोखंडी दांडा आहे तो, शेळी नाही. अकेलो आहे ना तिथे, तुमच्याबरोबरची पहारेकरी पोरगी. तिनेच म्हटलं, जाऊ द्या बाबा कुलोबांना, सकाळपासून उभे आहेत, घोटभर चहा घेऊन येऊ देत. — नाही म्हटलं तिने? बरं, मी तिला म्हणायला लावलं. मग? चहा माझा, बाक माझा, आणि एका म्हाताऱ्या माणसाचे पाय सुजलेले मला इथून दिसतात, तर मी काय डोळे मिटून घेऊ? म्हातारा म्हटलं म्हणून रागावू नका. माझा चहा उकळेपर्यंत इथे सगळेच म्हातारे होतात, असं ते पैसे बदलणारे टगे म्हणतात, आणि तरी रोज येऊन बसतात मेले. घ्या, हा मंदाझी घ्या, आत्ताच तेलातून काढलाय. दोन घ्या. दात नाहीत तर चहात बुडवा, मी बघत नाही.

कोण येतंय ते? — नाही, कोणी नाही. टोमॅटोवाली आहे. तुम्ही कशाला मान वळवता, मी सांगते ना, टोमॅटोवाली. मला सवयच आहे रस्त्याकडे डोळा ठेवायची. ही टपरी अर्धी चहाची आणि अर्धी बायकांच्या मंडळाची, ठाऊक आहे तुम्हाला. ते निळं टेबल. लोकांना वाटतं नाम्बुया नुसती चहा विकते. पण सरहद्दीपलीकडच्या बाजाराला माल नेणारी नवी बाई आधी त्या टेबलापाशी येते, आणि मी तिला सांगते, घाबरू नकोस ग, तुझ्या घरचा कांदा, तुझ्या परसातली केळी, एवढ्याशा मालाला कर नाही, एक साधी चिठ्ठी लागते, ती मी लिहून देते, ती हातात धर आणि मान वर करून फाटकातून जा. मान वर करून, हे मी प्रत्येकीला दोनदा सांगते. कारण त्यांची मान वर होतच नाही हो. डोक्यावर पोतं असतं म्हणून नव्हे. खाकी कपडा दिसला की पोरी अशा गोळा होतात, गोगलगायीसारख्या. तुम्हालाही घाबरतात. तुम्ही तर सरकारचेही नाही, कंपनीचे पहारेकरी, तरी घाबरतात.

पूर्वी फाटकातून कोण जायचं? ट्रक जायचे. साहेब जायचे. बायका सगळ्या खालच्या उतारावरून, उंदीरवाटेने. नाव काय चपखल ठेवलंय ज्याने ठेवलं त्याने — बिळातून निघायचं, नदीत उतरायचं, पलीकडच्या बिळात शिरायचं. आणि त्या उतारावर उभे कोण, तर काठ्या घेतलेले ते रिकामटेकडे. पाण्यातले जकातदार म्हणायचो आम्ही त्यांना. आधी एक कांदा मागायचे. मग टोपलीभर. मग कांदा नकोच म्हणायचे. समजलं ना तुम्हाला? समजलं. तर तिथून एकेकीला उचलून मी या फाटकात आणलंय बाबा, शिव्या खाऊन, नवऱ्यांच्या शिव्या, सासवांच्या शिव्या, त्या काठीवाल्यांनी तर माझं छप्पर एकदा खाली पाडलं. म्हणून बघते रस्त्याकडे. आईला पोरं मोजायची सवय असते तसं.

डोंगराकडे — नको, वळू नका, मान अवघडेल, मी सांगते. मासाबावर काळं झालंय. वरचं अर्धं अंग दिसतच नाही. इथे बघा धूळ उडतेय, कपडे वाळतायत, पण वर कोसळत असणार, आणि वरचं पाणी खाली यायला किती वेळ लागतो ते तुम्ही मला सांगू नका आणि मी तुम्हाला सांगत नाही, आपण दोघं याच उतारावर वाढलो. आवाज येतोय? तुम्हाला नसेल येत. मला येतो. सकाळी नदी कुजबुजत होती. आता भांडायला लागलीय.

चहा प्या ना. घाई काय आहे? अकेलो दांडा उचलते, खाली घालते, त्यात काय शिकायचंय. चांगली धडधाकट पोरगी आहे, उत्तरेकडची, बायकांची पोती अशी उतरवते डोक्यावरून जणू टोपी काढतेय. आता तुम्हालाही ते करावं लागतं म्हणा. त्या कोणा दिवट्याने कांद्यात काहीबाही लपवून नेलं आणि तेव्हापासून नियम आला, प्रत्येक पोतं पहारेकऱ्याने स्वतः हाताने उतरवायचं, तोंड सोडायचं, आत काठी घालायची, पुन्हा तिच्या डोक्यावर चढवायचं. म्हणजे बाईच्या तोंडाशी तोंड येतं, श्वास लागतो, चढवताना तिच्या खांद्याला हात लागतोच. तुम्ही सज्जन माणूस, तुम्ही खाली बघून करता, बायका सांगतात मला. म्हणतात, बाबा कुलोबा उतरवतात तेव्हा वडिलांनी उतरवल्यासारखं वाटतं. एकीने नाही हो, सगळ्या म्हणतात. एक सोडून.

एक सोडून म्हणजे — आता निघालंच आहे तर सांगते. तुमच्या ओळखीची नाही ती. वरच्या वाडीकडची आहे एक. फाटकातून जाणाऱ्यांत पहिली होती ती, सगळ्यांत पुढे. मी नुसती चिठ्ठ्या लिहायची, पण बायकांना घेऊन यायची ती. शाळा सुटलेल्या दोन-तीन पोरी आहेत, गालावरचं बाळसं अजून गेलं नाही, त्या तर तिच्या पायात पाय घालून चालायच्या. ती कांदा नेते म्हणून त्या कांदा नेतात. ती फडकं हिरवं बांधते म्हणून त्यांनाही हिरवं पाहिजे. त्या पोरींना मी सांगितलं असतं तर ऐकलं नसतं, तोंड वाकडं करून म्हणाल्या असत्या, मावशी, तुमच्या काळात तसं असेल. तिचं ऐकायच्या. आणि ही बाई, बाबा, पेरणीच्या सुमाराला एके दिवशी फाटकावर आली, लांबूनच थांबली, वळली, आणि गेली ती पुन्हा आलीच नाही. खालून जाते. नदीतून. कांद्याचं पोतं डोक्यावर, पोर पाठीवर, फडकं वर खोचलेलं. आणि त्या पोरीही तिच्या मागे.

मग शहरातून आली ना ती मंडळी. पांढरी गाडी. तुम्ही दांडा उचललात त्यांच्यासाठी, आठवतं का, त्या लठ्ठ मॅडमनी तुम्हाला पाण्याची बाटली दिली. त्या बायकांच्या धंद्यासाठीच काम करतात, चांगल्या आहेत, टेबलाला रंग त्यांनीच दिला. त्यांनी विचारलं, ही पुन्हा खालून का जाते? मी म्हटलं, ठाऊक नाही. त्यांनी तिलाच बोलावलं. इथेच बसवलं, या बाकावर. केवढ्या प्रेमाने विचारत होत्या, सांग ना ग, फाटकावर तुला कोण त्रास देतं, कोण पैसे मागतं, कोणी हात लावला का, नाव घे, आम्ही त्याला उद्याच्या उद्या इथून हलवतो. आणि ही आपली पायाच्या अंगठ्याने जमीन उकरतेय. नाव घेतलं नाही तिने. तिच्या तोंडून ते नाव निघणारच नव्हतं म्हणा, घेताच येत नाही ना. पण नुसतं बोट केलं असतं तरी पुरलं असतं. त्या म्हणाल्या, घाबरलीय बिचारी. घाबरली कसली! ती त्या माणसाची नोकरी वाचवत होती. तिने बोट केलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्याच्या डोक्यावरची टोपी गेली असती, आणि तिला माहीत आहे घरी त्या टोपीचं काय कौतुक आहे, रविवारी चुलीशेजारी खुंटीला टांगतात, पोरांना हात लावू देत नाहीत.

नाही, थांबा, गोंधळ करतेय मी. कुठला माणूस म्हणजे, आहे एक. सासरा तिचा. आता तुम्ही आम्ही एकाच डोंगराचे, तुम्हाला मी मर्यादा काय शिकवू. सुनेने सासऱ्याच्या हातात हात द्यायचा नाही, त्याच्या बाकावर बसायचं नाही, त्याच्यासमोर उंचावर चढायचं नाही, त्याने हातात दिलेली वस्तू घ्यायची नाही. घेतली तर अंगाला कंप सुटतो, पोरं दगावतात. शहरातल्या मॅडमना हे कुठून सुचणार? त्यांच्या कागदावर लाच आहे, छळ आहे, मारहाण आहे. सासरा नाही. आता असा सासरा जर नेमका माल उतरवायच्या जागी येऊन उभा राहिला, तर ती काय करील? त्याने तिच्या डोक्यावरचं पोतं उतरवायचं? तिच्या तोंडावर तोंड आणून? त्यापेक्षा नदी बरी. आणि त्याला तरी कुठे काय ठाऊक. तो आठवडाभर इकडे खोली घेऊन राहतो, त्याला वाटतं सून घरी भुईमूग उपटतेय. आणि मनाने असा ताठ माणूस की बाई ग, घरातल्या बायकांची सांगायची छाती नाही, त्यात उजव्या कानाने ठार बहिरा, त्याच्याशी चार शब्द बोलायचे तर माणसाला डावीकडे येऊन बसावं लागतं —

— चहा निवला का? द्या, दुसरा ओतते.

असं बघू नका माझ्याकडे. जगात एका कानाने बहिरा माणूस काय एकच असतो? माझा मामा होता बहिरा. तो भट्टीवाला —

बरं. बरं बाबा. ठेवा तो पेला, सांडेल.

हो. खाइन्झा. तुमच्या मगोम्बेची बायको. मी नाव घेणार नव्हते, आईची शपथ. तुम्हाला इथे बसवायचं, चहा पाजायचा, जगभरच्या गप्पा मारायच्या, तेवढ्यात ती तुमच्या पाठीमागून निघून गेली असती, अकेलोने पोतं बघितलं असतं, आणि तुम्हाला आयुष्यात कळलं नसतं. असं ठरवलं होतं. मंडळातल्या नाम्बोझोला निरोप देऊन वर पाठवलंय सकाळीच, तिला सांग म्हटलं, आज नदी चढणार, आज खाली उतरू नकोस, म्हातारा माझ्या बाकावर असेल, पाठ करून, तू फाटकातून ये. एवढंच. आणि या माझ्या जिभेला —

बसा! कुठे निघालात? उठू नका. बाबा, मी तुमच्यापेक्षा लहान आहे, मी तुम्हाला हुकूम करत नाही, पण बसा. वयात येताना सुंतेच्या दिवशी साऱ्या गावासमोर पापणी न हलवता उभे राहिलात म्हणून अजून गावभर सांगत असता ना, मग आता थोडं बसवत नाही? ऐकून घ्या. फाटकावर जाऊन काय करणार? तुम्ही तिथे दिसलात की ती वळते आणि पाण्यात उतरते. नदीवर जाणार? तिला अडवायला? ती पाण्यात असेल, कंबरेपर्यंत फडकं वर घेतलेली, आणि वर बघते तर काठावर सासरा. मग ती काठाकडे येईल की खोल पाण्याकडे जाईल? सांगा ना. तुम्हीच सांगा. तुम्ही जिथे जिथे जाल तिथून ती नदीतच जाणार आहे बाबा. या एका बाकावर तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसलात तरच ती कोरडी राहते. तुमची जागा आज एवढीच.

घर सोडून हिंडते म्हणता? हो, हिंडते. मगोम्बे जूबाला ट्रक चालवतो म्हणून गेला, ट्रकही आला नाही आणि मगोम्बेही आला नाही. तुमच्या घरात मीठ कुठून येतं असं वाटतं तुम्हाला? रविवारी अंगावर घेऊन बसता ती जाड घोंगडी कुठली? तुमच्या बायकोने तुम्हाला काय सांगितलं? चर्चने दिली? कुठल्या चर्चने हो? पलीकडच्या बाजारातली आहे ती, मी स्वतः घडी घातली तिची, आणि चिठ्ठीवर लिहिलं, एक घोंगडी, घरच्या वापरासाठी. तेव्हा तुम्ही मबालेला होता, कॉफीच्या गोदामावर, इथे पेरणीच्या सुमाराला आलात. तेव्हा ती फाटकातून जायची, मान वर करून. घरातल्या सगळ्या बायकांना माहीत आहे. पोराला दूध तोडलं नाही अजून, म्हणून ते पाठीवर बांधून नेते, तुमची बायको म्हणते ठेवून जा, पण ते अंगावरचं पोर दिवसभर कसं राहील. हो, तेच. तुमच्या मांडीवर मुतलं होतं ना, तेच.

ओरडू नका. ओरडा नाहीतर, पैसे बदलणाऱ्यांना तेवढीच करमणूक.

काय म्हणालात? मोठ्याने बोला. — ती सून नाही? अजून गाई दिल्या नाहीत म्हणून लग्न पुरं झालं नाही, म्हणून सून नाही? अहो, गाई कोणी द्यायच्या? तुम्ही. तुमच्या घराने. तिच्या बापाच्या गोठ्यात एक वासरू बांधलंत आणि बाकीच्या येतात-येतात म्हणून हात झटकलेत. बरं, धरून चाला, सून नाही. मग कसली मर्यादा? परकी बाई ती. मग उतरवा तिचं पोतं, घाला काठी, आत्ता येईल, जा! — जात नाही ना? का? कारण तुमच्याही अंगावर काटा आला. मग आहे ना सून. गाई द्यायच्या वेळी सून नाही, आणि लाज पाळायच्या वेळी सून आहे, आणि ती लाज पाळायला नदीत कोण उतरतं, तर ती. तुम्ही कोरड्या फाटकावर, बूट घालून.

मी जास्त बोलले. बोलले. तुम्ही मला उद्यापासून सलाम करू नका हवं तर. पण बसलात, ते बरं केलंत.

हे बघा, उपाय एवढासा आहे. मी मॅडमकडे जाणार नाही, कोणाकडे जाणार नाही. तुम्ही तुमच्या कंपनीच्या साहेबाला म्हणायचं, मला ट्रकची बाजू द्या, अकेलोला पायी येणाऱ्यांची द्या. ट्रक पन्नास हात पलीकडे थांबतात, तिथून तुम्हाला तिचा चेहराही दिसणार नाही, तिला तुमचा नाही. तो विचारील का, तर सांगायचं, माझी सून या फाटकातून माल नेते, मला तिच्या वाटेत उभं राहता येत नाही. तो इथलाच आहे, त्यालाही सासूची हीच मर्यादा पाळावी लागते, त्याला कळेल. एवढं एक वाक्य आहे. माझी सून माल नेते. तेच जड जातंय ना तुम्हाला? कांद्याचं पोतं त्याहून जड असतं बाबा.

थांबा.

वरच्या वळणावर कोणीतरी — नाम्बोझो आहे. नाम्बोझोच. एकटी? नाही, मागे पोरी आहेत. एक, दुसरी... आणि हिरवं फडकं. आली. आली, खाइन्झा आली. हलू नका आता. अगदी हलू नका. नाम्बोझो तिला हात करून दाखवतेय फाटकाकडे. उंबराच्या झाडापाशी थांबल्यात, तिथे दोन वाटा फुटतात ना, एक इकडे, एक खाली. पोतं मोठं आहे आज. उद्या बाजार. पोर मान बाहेर काढून बघतंय, टोपी घातलीय त्याला पिवळी. ये ग. ये. तू ये, अकेलो आहे दांड्याशी, दिसते ना तुला, ये.

का थांबली ही? नाम्बोझो सांगतेय तिला. ती मान हलवतेय, नाही म्हणतेय. फाटकाकडे बोट करतेय, काय दाखवतेय ती? तिथे काय आहे? अकेलो आहे, दांडा आहे, आणि —

बाबा, तुमचा कोट कुठाय?

कोट! अंगावरचा कोट! उकडतंय म्हणून काढलात? आणि फाटकाच्या खांबाला अडकवलात, वर टोपी ठेवलीत? अरे देवा. लांबून माणूस उभा आहे असं दिसतंय ते. टोपी घालून उभा. मलाही — मी इथून बघत होते आणि माझ्याही लक्षात आलं नाही, मला ते रोजचंच वाटलं. तिला वाटतंय तुम्ही आहात तिथे. नाम्बोझो खोटं बोलते असं वाटतंय तिला. या छपराखाली तुम्ही तिला दिसणार कसे, मीच तुम्हाला कोपऱ्यात कोंबलंय.

अकेलो! अग ए अकेलो! कोट काढ तो! — नाही, ट्रक आलाय तिच्यापुढे, भोंगा वाजवतोय मेला, ऐकू जात नाही. खाइन्झा! ऐकत नाही, नदीचा आवाज केवढा आहे. मी हात हलवू? मी हात हलवला तर तिला वाटेल पळ म्हणतेय, तेवढं एकच तर शिकवलंय मी त्यांना, नाम्बुयाने हात हलवला की पळायचं. वळली. बाबा, ती खालच्या वाटेला वळली. फडकं खोचतेय. पोरी पण. त्यातल्या धाकटीला पोहता येत नाही, मला माहीत आहे, तिची आई —

तुम्ही कुठे? बाबा! बाहेर नका, बाहेर नका जाऊ, तुम्हाला सांगितलं ना मी, तुम्ही दिसलात की ती आणखी — अहो रस्त्याच्या मधोमध काय उभे राहताय, ती थेट बघेल, ती — बाबा कुलोबा! नदीकडे नाही! कुठे चाललात? तिथे गवत आहे, काटे आहेत, ट्रकवाल्यांची घाण आहे सगळी. तिथे काय शोधताय? वाट इकडे आहे.

वाट सोडताय तुम्ही?

थांबा, मी येते तुमच्याजवळ. पडाल. — ए, काय रे, दात काय काढता? नोटा मोजा तुमच्या. म्हातारा माणूस गवतात उतरलेला पाहिला नाही कधी? नाही ना पाहिला? मीही नाही पाहिला. या डोंगरावर सून उतरते गवतात, पाठ करते, आणि सासरा जातो पुढे निघून. माझी आई उतरली, मी उतरले, डोक्यावर हंडा घेऊन उतरले. सासरा उतरलेला मी — गप्प बसा रे तुम्ही, पहिला जो हसेल त्याला माझ्या टपरीत पाणीसुद्धा मिळणार नाही!

आणखी दोन पावलं पुढे, बाबा. झाडाच्या सावलीत नको, उन्हात राहा, उन्हात दिसाल. हां. तोंड त्या शेताकडे. मान खाली. सदरा पांढरा आहे ते बरं झालं. हात मागे घ्या, पाठीवर धरा दोन्ही, तिला कळू दे की वळणार नाही तुम्ही. काटा लागला? लागू द्या. मग काढीन मी.

थांबलीय ती. उतारावर आहे, अर्ध्यात. पाणी तिच्या पायांपासून लांब नाही. फाटकाकडे बघतेय. तुमच्याकडे बघतेय. पुन्हा फाटकाकडे. त्या कोटाकडे बघतेय आणि तुमच्याकडे. तिला कळत नाहीये, कोण कुठे आहे ते. नाम्बोझोने तोंडावर हात ठेवलाय. नका वळू. मी सांगते ना सगळं, नका वळू. एक पोरगी बसलीय खाली, तिथेच, मटकन. तिला उठवतेय. धाकटीला पुढे घेतलं तिने. बाबा, तिने फडकं सोडलं. खोचलेलं सोडलं, पायांवर सोडलं, झटकतेय.

वर चढतेय.

हो, इकडे. फाटकाकडे. मान — नाही, मान खालीच आहे अजून, तुम्ही समोर आहात ना, कशी वर करील. पण येतेय. उंबरापाशी आली. पोर पाठीवरून तुमच्याकडे बघतंय आणि हात करतंय, त्याला काय कळतं. हाक मारील ते. मारू दे. ओ देऊ नका. अकेलोने ट्रक थांबवलाय. दांडा वर धरून उभी आहे.

पाय घट्ट रोवा. दुसऱ्या कोणासाठी नाही, तिच्यासाठी.

जवळ आली. आता मी गप्प.